राखीव श्वास आणि धोक्याची खूण : पाणबुड्यांच्या साधनांतील संकेतव्यवस्था

१. विषयाची भूमिका

नवी मुंबईच्या पश्चिमेस ठाण्याची खाडी, दक्षिणेस पनवेलची खाडी आणि पलीकडे उरणचा किनारा पसरलेला आहे. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. वाशीच्या खाडीवर १९७३ साली पहिला रस्तापूल झाला, त्याच्या जोडीला १९९७ साली दुसरा उभा राहिला, आणि १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा या सुमारे २२ किलोमीटर लांबीच्या सागरी सेतूचे उद्घाटन झाले. या सर्व बांधकामांचा पाया पाण्याखाली आहे. धक्क्यांचे खांब, पुलांचे पाये आणि जहाजांचे तळ यांची तपासणी अखेर माणसालाच पाण्यात उतरून करावी लागते.

हे पाणी गढूळ आहे. उधाणाच्या भरती-ओहोटीत येथील पाण्याची पातळी चार मीटरांहून अधिक वरखाली होते, आणि प्रत्येक फेरीत तळाचा गाळ ढवळला जातो. पुष्कळदा पाणबुड्याला स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. अशा ठिकाणी जवळची हवा संपत आली आहे हे त्याला कळावे कसे, आणि संपलीच तर दुसरी हवा कोठून मिळावी, हे दोन प्रश्न वरवर पाहता यंत्रशास्त्राचे आहेत. परंतु पहिला प्रश्न वस्तुतः खुणेचा आहे, आणि दुसऱ्याचे उत्तर भाषेच्या अभ्यासकाला परिचित असलेल्या एका तत्त्वावर उभे आहे. प्रस्तुत लेखात या साधनांचे कार्य समजावून देऊन त्यांच्याकडे संकेतव्यवस्था म्हणून पाहिले आहे.

२. शरीराची खूण

ठाणे व रायगड जिल्ह्यांतील खाड्यांतून रेती काढण्याची एक जुनी पद्धत शासकीय कागदपत्रांतही ‘डुबी’ या नावानेच ओळखली जाते. होडीतून उतरलेला कामगार श्वास रोखून तळाशी जातो, रेती भरतो आणि वर येतो. त्याच्याजवळ हवेचा साठा नसतो व मापकही नसतो. कधी वर यावयाचे हे त्याला छातीतील कोंडमारा सांगतो.

हा कोंडमारा प्राणवायू कमी झाल्यामुळे होतो असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. श्वास घेण्याची अनावर इच्छा मुख्यतः रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे उत्पन्न होते. म्हणजे शरीर ज्या गोष्टीची खूण देते ती गोष्ट आणि ज्या गोष्टीमुळे माणूस बेशुद्ध होतो ती गोष्ट या दोन भिन्न आहेत. एरवी दोन्ही बरोबरच घडतात म्हणून खूण उपयोगी पडते. मात्र बुडी मारण्यापूर्वी कोणी घाईघाईने अनेक दीर्घ श्वास घेतले, तर कार्बन डायऑक्साइड अवाजवी कमी होतो. पुढे प्राणवायू घातक पातळीपर्यंत उतरला तरी कोंडमारा जाणवत नाही, आणि माणूस पूर्वसूचनेवाचून पाण्यात शुद्ध हरपतो. खूण आणि तिचा अर्थ यांची अशी फारकत झाली की खूण असूनही नसल्यासारखी होते.

मराठीतील ‘दम’ हा शब्द या संदर्भात लक्षणीय आहे. फारसीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ श्वास. ‘दम लागणे’ यात तो अर्थ टिकून आहे. ‘दम धरणे’ यात धीराचा अर्थ आला आहे. आणि ‘दम देणे’ म्हणजे ताकीद देणे. श्वास, धीर आणि इशारा या तिन्ही गोष्टी मराठी भाषकाने एका शब्दात गोवल्या आहेत. पाणबुड्याच्या साधनांची सगळी रचना याच तीन गोष्टींभोवती फिरते.

३. यंत्रातील सुधारणा आणि लोपलेली खूण

‘स्कूबा’ हा शब्द पाच इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनला असून त्याचा अर्थ ‘स्वयंपूर्ण जलांतर्गत श्वसनसाधन’ असा आहे. मागणीप्रमाणे हवा देणारी झडप रूकेरोल व देनेरूझ या फ्रेंच गृहस्थांनी १८६०च्या दशकातच सिद्ध केली होती. तिला आजचे रूप १९४३ साली जाक-ईव्ह कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी दिले.

तिचे कार्य असे. सिलिंडरमध्ये हवा सुमारे २०० बार इतक्या दाबाने भरलेली असते. रेग्युलेटरचा पहिला टप्पा सिलिंडरच्या तोंडावर बसतो व हा दाब भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा सुमारे ९ ते १० बार अधिक इतका खाली आणतो. तेथून नळीने हवा तोंडाजवळच्या दुसऱ्या टप्प्यात येते. त्यात एक लवचीक पडदा असतो. पाणबुड्याने श्वास ओढला की पडदा आत खेचला जातो, झडप उघडते आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा त्याला मिळते.

दाबाचा हा हिशेब महत्त्वाचा आहे. दर दहा मीटर खोलीस दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने भरलेली हवा पृष्ठभागावर सुमारे २,४०० लिटर होते. मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्या माणसाला ती वर दोन तास पुरेल. दहा मीटरांवर एक तास, वीस मीटरांवर चाळीस मिनिटे आणि तीस मीटरांवर केवळ अर्धा तास. डुबी मारणाऱ्याचा वेळ त्याच्या छातीत मोजला जातो. स्कूबाधारकाचा वेळ मात्र खोली, श्रम आणि भीती यांप्रमाणे बदलतो, आणि तो त्याला आतून कळत नाही.

पूर्वीच्या साध्या यंत्रांत सिलिंडरचा दाब उतरू लागला की श्वास ओढणे हळूहळू जड होत असे. हा यंत्राचा दोष होता, पण तीच एक खूणही होती. पुढे दाब कितीही उतरला तरी सारख्याच सहजतेने हवा देणारा संतुलित पहिला टप्पा प्रचारात आला. श्वसन सुखकर झाले आणि खूण पुसली गेली. अशा यंत्रातून हवा जवळजवळ शेवटपर्यंत नेहमीसारखी येते. नंतर चारदोन श्वास जड होतात आणि हवा थांबते. शिवाय तोवर पाणबुडा नीट श्वास घेत असल्यामुळे कार्बन डायऑक्साइडचा कोंडमाराही नसतो. शरीराची खूण आणि यंत्राची खूण या दोन्ही नाहीशा झाल्या, म्हणून तिसरी कृत्रिम खूण निर्माण करणे भाग पडले.

४. स्पर्श, दृष्टी आणि ध्वनी

जर्मन मानसशास्त्रज्ञ व भाषाविचारक कार्ल ब्यूलर यांनी १९३४ साली भाषिक चिन्हाची तीन कार्ये सांगितली. बोलणाऱ्याची स्थिती प्रकट करते ते लक्षण. ऐकणाऱ्याला कृतीस प्रवृत्त करतो तो इशारा. आणि वस्तूचे ज्ञान करून देते ते प्रतीक. हवा कमी झाल्याची सूचना देणाऱ्या साधनांना ही विभागणी चांगली लागू पडते.

पहिले साधन राखीव झडपेचे. इंग्रजीत ती ‘जे’ या अक्षराने ओळखली जाते व साध्या झडपेला ‘के’ म्हणतात. या अक्षरांना काहीही यांत्रिक अर्थ नाही. १९५०च्या दशकाच्या आरंभी एका अमेरिकन विक्रेत्याच्या मालसूचीत त्या वस्तूंपुढे ही अक्षरे छापली होती, तीच नावे झाली. शब्द आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळा. या झडपेत एक स्प्रिंग असते. सिलिंडरचा दाब सुमारे २० ते ३५ बारपर्यंत उतरला की ती हवेचा मार्ग आवळू लागते आणि श्वास जड होतो. तेव्हा पाणबुड्याने पाठीमागची सळई खाली ओढावयाची, म्हणजे उरलेली हवा मोकळी होते. या साधनाने जुना दोष मुद्दाम परत आणून त्याला इशाऱ्याचे रूप दिले. त्याचा गुण असा की अंधारात व गाळातही ही खूण चुकत नाही, कारण ती थेट श्वासात येते. अवगुण असा की सळई आधीच कशालातरी अडकून खाली ओढली गेली असेल, तर राखीव हवा नकळत वापरली जाते आणि इशारा मिळतच नाही. जी खूण न मिळणे हेच सुरक्षिततेचे चिन्ह मानले जाते, ती बिघडली तर तिचे मौनही खोटे बोलते.

दुसरे साधन दाबमापक. १९६०च्या दशकापासून पुढे त्याचा प्रसार होत गेला आणि राखीव झडप मागे पडली. दाबमापक इशारा देत नाही; तो केवळ ज्ञान करून देतो. किती हवा उरली हे तो प्रत्येक क्षणी सांगतो, परंतु ज्याने पाहिले त्यालाच. कामात गुंतलेल्या माणसाला तो हाक मारीत नाही. शिवाय ठाण्याच्या खाडीसारख्या पाण्यात तो मुखवट्याच्या काचेला टेकवूनही वाचता येईल याचा भरवसा नाही. म्हणूनच बंदरांतील व पुलांखालील व्यावसायिक कामांत पुष्कळ ठिकाणी हवा वरून नळीने पुरविली जाते. दाबमापक तेथे पाणबुड्याजवळ नसून वरच्या देखरेख करणाऱ्या माणसापुढे असतो. खाली दिसत नाही म्हणून वाचन वर नेले, इतकाच याचा अर्थ.

तिसरे साधन ध्वनीचे. काही रेग्युलेटरांत हवा कमी होताच ठकठक आवाज करणारी योजना असे; आजच्या मनगटी संगणकांत ठरावीक दाबाला बारीक शिटी वाजते. ध्वनीला पाहावे लागत नाही, म्हणून हा उपाय सर्वांत सोयीचा वाटतो. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यासारख्या भागात धुरात शिरणाऱ्या अग्निशामक जवानाचे श्वसनसाधन याच तत्त्वावर चालते. युरोपीय मानकाप्रमाणे सिलिंडरचा दाब सुमारे ५५ बारवर आला की त्याच्या साधनाची शिटी किमान ९० डेसिबलच्या आवाजाने वाजू लागते. ती जवानाला परतण्याचा आदेश देते आणि सोबत्यांनाही त्याची स्थिती कळविते.

पाण्यात मात्र याच शिटीला एक उणीव येते. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, समुद्राच्या पाण्यात सुमारे १,५०० मीटर. आवाज कोणत्या दिशेने आला हे माणूस दोन्ही कानांना तो ऐकू येण्यातील सूक्ष्म कालांतरावरून बऱ्याच अंशी ओळखतो. पाण्यात हे अंतर चौपटीहून अधिक घटते आणि दिशाज्ञान जवळजवळ नाहीसे होते. चार जणांच्या गटात शिटी वाजली तर सर्वांना ऐकू येते, पण कोणाची वाजली हे कळत नाही. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर या वाक्यात क्रियापद आहे, कर्ता नाही. ‘हवा संपत आहे’ इतके कळते. ‘माझी’ की ‘त्याची’ हे सर्वनाम गळलेले असते. राखीव झडपेच्या खुणेत ही संदिग्धता नव्हती. ज्याचा श्वास जड झाला, त्याचीच हवा कमी झाली.

५. हाताची भाषा

एकाची स्थिती दुसऱ्याला कळविण्याचे काम अखेर हातांनाच करावे लागते. छातीवर मूठ ठेवणे म्हणजे हवा कमी आहे. आडवा पंजा गळ्यावरून फिरविणे म्हणजे हवा संपली आहे. अंगठा व तर्जनी यांचे वर्तुळ म्हणजे सर्व ठीक आहे. आणि वर केलेला अंगठा म्हणजे वर चला.

यांतील शेवटची खूण मराठी माणसाला गोंधळात टाकणारी आहे. मालवण-तारकर्लीच्या समुद्रात प्रथमच उतरणारा पर्यटक ‘छान चालले आहे’ असे सांगण्यासाठी सहज अंगठा वर करतो, आणि ‘मला वर न्या’ असा त्याचा अर्थ होतो. गंमत अशी की अंगठ्याचा ‘छान’ हा अर्थही आपल्याकडे नवाच आहे. मराठी वाक्प्रचारात ‘अंगठा दाखविणे’ म्हणजे साफ नाकारणे किंवा फसविणे. एकाच बोटाला तीन समाजांत तीन अर्थ मिळाले. प्राचीन शास्त्रकारांनी शब्दार्थसंबंधाला ‘संकेत’ म्हटले, ते येथे अक्षरशः लागू पडते : संकेत आधी ठरलेला नसेल तर हालचाल ही केवळ हालचाल राहते. म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वीच्या थोड्या वेळात या खुणा शिकविणे हा उपचार नव्हे, ती पूर्वअट आहे.

गढूळ पाण्यात हातही दिसत नाही, तेव्हा दोरीचे हिसके उपयोगी पडतात. अमेरिकन नौदलाच्या पद्धतीत पाणबुड्याने दिलेले चार हिसके म्हणजे ‘मला वर घ्या’. तेच चार हिसके तीनदा दिले तर ‘ताबडतोब वर ओढा’. अधिक निकडीसाठी त्याच खुणेची पुनरुक्ती करावयाची, हा मराठीतील ‘लवकर लवकर’सारखाच प्रकार आहे. परंतु ब्रिटिश पद्धतीत हिसक्यांचा हिशेब निराळा आहे. त्यामुळे निरनिराळ्या ठिकाणी शिकलेली दोन माणसे एका दोरीच्या दोन टोकांना असतील, तर त्यांनी कामाआधी आपली बोली एक करून घेणे अगत्याचे ठरते.

६. पुनरुक्ती आणि स्वतंत्रता

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळावयाचे : हवा संपलीच तर? पूर्वी दोन पाणबुडे एकच मुखभाग आळीपाळीने वापरीत. दोन श्वास घ्यावयाचे आणि तो सोबत्याला द्यावयाचा. शांत चित्ताने सराव केला तर हे साधते. घाबरलेला माणूस मात्र हाती आलेला मुखभाग परत देत नाही. १९६०च्या दशकाच्या मध्यास बहामा बेटांवर डेव्ह वुडवर्ड यांनी एकाच पहिल्या टप्प्याला दुसरा मुखभाग जोडण्याची पद्धत वापरात आणली. चहूकडे लोंबणाऱ्या नळ्यांमुळे या जोडणीला ‘ऑक्टोपस’ हे नाव पडले. हा जादा भाग बहुधा पिवळ्या रंगाचा असतो व हनुवटी आणि खालच्या बरगड्या यांच्या दरम्यान सहज दिसेल असा अडकविलेला असतो.

अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली संदेशवहनाच्या सिद्धान्तात पुनरुक्तीचे महत्त्व दाखविले. भाषा एकच गोष्ट अनेकदा सांगते, म्हणून गोंगाटातही ती समजते. ‘मोठी नवी होडी बुडाली’ या वाक्यात होडीचे स्त्रीलिंग दोन्ही विशेषणांत आणि क्रियापदात पुनःपुन्हा दर्शविले आहे. एक प्रत्यय ऐकू आला नाही तरी दुसरा तो भरून काढतो. परंतु हे सर्व प्रत्यय एकाच आवाजातून जातात. मोठी लाट आपटली आणि सबंध वाक्यच बुडाले, तर तिन्ही वेळा सांगितलेले लिंग उपयोगाचे नाही. त्याच वेळी बोलणाऱ्याने हात करून दाखविले असेल, तरच अर्थ पोचतो. एका वाटेवरील पुनरुक्ती आणि दुसरी स्वतंत्र वाट, हा भेद येथे कळीचा आहे.

ऑक्टोपस ही पहिल्या प्रकारची पुनरुक्ती होय. मुखभाग दोन असले तरी पहिला टप्पा एक व सिलिंडरही एकच. स्वतःचा मुखभाग बिघडला तर दुसरा उपयोगी पडेल; स्वतःची हवा संपली तर दोन्ही एकाच क्षणी निकामी होतील. पहिला टप्पा बिघडला तर बहुधा झडप उघडी राहून हवा वेगाने बाहेर पडू लागते, आणि सिलिंडर दोघांनाही पुरत नाही. म्हणजे ऑक्टोपस हे धारकाचे राखीव साधन नसून मुख्यतः सोबत्यासाठी वाहिलेले साधन आहे. सोबती दूर असेल किंवा गाळात दिसेनासा झाला असेल, तर ती व्यवस्था अर्थशून्य होते.

खरी स्वतंत्र वाट म्हणजे स्वतःचा पहिला टप्पा व दुसरा टप्पा असलेले निराळे छोटे सिलिंडर. वरून हवा घेणाऱ्या व्यावसायिक पाणबुड्याच्या पाठीवर असेच एक सिलिंडर असते. वरची नळी तुटली किंवा दबली तर शिरस्त्राणावरील झडप उघडून तो त्याच्यावर श्वास घेतो. गुहांत उतरणाऱ्यांनी आणखी एक विचार मांडला. घाबरलेला माणूस सोबत्याचा लोंबता मुखभाग शोधीत बसत नाही; सोबत्याच्या तोंडात जो आहे तोच हिसकावतो. म्हणून तोंडातील मुखभागालाच सुमारे दोन मीटर लांब नळी लावून तो द्यावयाचा, आणि गळ्यात अडकविलेला दुसरा आपण घ्यावयाचा. जो चालतो आहे हे ठाऊक आहे, तोच संकटग्रस्ताला मिळतो.

या दोन्ही प्रश्नांची गाठ शेवटी आकड्यांत पडते. ५० बार ही हवा कमी झाल्याची रूढ सीमा आहे. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये तेव्हा ६०० लिटर हवा उरते. तीस मीटरांवर एकाची हवा संपली आणि दोघे एकाच सिलिंडरवर वर येऊ लागले असे समजावे. भीतीने प्रत्येकाचा श्वास दुप्पट, म्हणजे मिनिटाला ४० लिटर झाला. मिनिटाला नऊ मीटर या सुरक्षित वेगाने वर येण्यास तीन मिनिटे वीस सेकंद लागतात. वाटेतील सरासरी दाब अडीच वातावरणे. या हिशेबाने सुमारे ६६७ लिटर हवा लागते. उरलेली ६०० लिटर पृष्ठभागापर्यंत पुरत नाही. वाटेत थांबा घेण्याचा तर प्रश्नच नाही. वीस मीटरांवरून मात्र त्याच दोघांना सुमारे ३५६ लिटर पुरतात. म्हणजे ‘हवा कमी’ या खुणेचा अर्थ खोलीनुसार बदलतो. उथळ पाण्यात जी वेळेवरची सूचना, तीच खोल पाण्यात उशिरा पोचलेले वर्तमान ठरते.

७. परिभाषेचा प्रश्न

इंग्रजी परिभाषेत ऑक्टोपस आणि स्वतंत्र छोटे सिलिंडर या दोहोंसाठी ‘पर्यायी हवास्रोत’ अशा अर्थाची एकच व्यापक संज्ञा वापरली जाते. मराठीत ती ‘राखीव’ या शब्दाने उतरविली, तर भेद अधिकच पुसला जाईल. कारण मराठीत राखीव म्हणजे बाजूला काढून ठेवलेले, आणि ऑक्टोपसमध्ये काहीच बाजूला काढलेले नसते. आपल्याजवळ राखीव हवा आहे असे समजणारा माणूस दाबमापक पाहण्याची निकड विसरतो. चुकीच्या संज्ञेची किंमत येथे श्वासांत मोजली जाते.

म्हणून ऑक्टोपससाठी ‘जोडमुख’ आणि स्वतंत्र सिलिंडरसाठी ‘शिदोरी-टाकी’ अशा दोन निराळ्या संज्ञा सुचविता येतील. पहिल्या शब्दात परावलंबन आहे, दुसऱ्यात स्वतः वेगळी बांधून घेतलेली तरतूद. त्याचप्रमाणे ‘हवा कमी’ आणि ‘हवा संपली’ या होडीवरच्या सूचना एकाच शब्दाने सुरू होतात. इंजिनाच्या आवाजात पहिलाच शब्द कानी पडला तर ताकीद कोणती आणि आकांत कोणता हे समजणार नाही. ‘कमी हवा’ आणि ‘संपली हवा’ असा क्रम बदलला तरी भेद आरंभीच्या अक्षरातच स्पष्ट होतो. हाताच्या खुणा ठरविणाऱ्यांनी हेच केले आहे : एक खूण छातीवर, दुसरी गळ्यावर.

कोकणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना पाण्यात नेणारे आणि नवी मुंबईच्या खाडीत पुलांचे पाये चाचपणारे पुष्कळ जण मराठी भाषक आहेत. त्यांच्या शिक्षणाची परिभाषा मराठीत घडवावयाची असेल, तर शब्द केवळ शुद्ध असून भागणार नाही. तो घाईत उच्चारता आला पाहिजे, गोंगाटात ओळखता आला पाहिजे, आणि ज्या वस्तूला तो लावला आहे तिच्या मर्यादेबद्दल त्याने खोटा भरवसा देता कामा नये.